आई-बाबा, राहायचं कुठे ते ठरवलंय

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर विषय निघाला तेव्हा बाबा म्हणाले, "आम्हाला कुठंही चालतंय, स्वस्तातलं बघ." मागून आईचा आवाज आला, "स्वयंपाकघर असलेलं घर घे गं, मी करीन सगळ्यांचं." तेवढ्यात ईशानने फोन घेतला आणि बोलणं राहून गेलं. म्हणून आता सगळं लिहूनच काढते. दादाला मेल करतेय, तो मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणून देईल.

ऑक्टोबरात मुलांच्या शाळेला आठवडाभर सुट्टी आहे, तेव्हा ऑर्लँडोला डिस्नी वर्ल्डला जायचं हे पक्कं. तारखा नवरात्रात येत नाहीत, तेही बघितलंय. अटलांटाहून साधारण सातशे किलोमीटर, गाडीने सात-आठ तास, वाटेत हवं तिथं थांबत जाऊ. हे सगळं एका संध्याकाळी ठरलं. राहायचं कुठे, यावर मात्र मी आणि निखिल तीन आठवडे रोज रात्री बसतोय.

बाबा, एक गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं पटेल. ही एका कुंपणातली जागा नव्हे. 1971 साली उघडलं तेव्हा एकच पार्क होतं, ते मॅजिक किंगडम. आता मोठी चार पार्कं आहेत, शिवाय पाण्याची दोन. सगळी जमीन मिळून 25,000 एकर, म्हणजे जवळजवळ 100 चौरस किलोमीटर, आणि त्यात वीसच्या वर हॉटेलं. त्यामुळे आतलं हॉटेल घेतलं म्हणजे जवळचं घेतलं, असं होत नाही. आतल्याच हॉटेलातून आतल्याच पार्कात जायला मिरजेहून सांगलीला जाण्याइतकं अंतर पडू शकतं. लोक इथंच फसतात.

आणि बाहेरचं घर का नको, तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी सासूबाई-सासरे आले होते, तेव्हा आम्ही डिस्नीच्या बाहेर, जवळच्या किसिमी गावाच्या बाजूला अख्खं घर भाड्याने घेतलं होतं. चार खोल्या, मोठं स्वयंपाकघर, मागे पोहायचा छोटा तलाव. भाडं कमी म्हणून आम्ही खुशीत होतो. पहिल्याच सकाळी कळलं काय ते. घरातून निघून पार्किंगपर्यंत अर्धा-पाऊण तास. बरं, गाडी लावली म्हणजे पोचलो असंही नाही. मॅजिक किंगडमचं पार्किंग तळ्याच्या अलीकडे आणि पार्क पलीकडे. तिथून बोट घ्यायची नाहीतर मोनोरेल, आणि मग दार. दुपारी सासऱ्यांच्या पायांत गोळे आले. पण घरी जाऊन पुन्हा यायचं तर अडीच-तीन तास जाणार, म्हणून ते बाकावर बसून राहिले. आम्ही मुलांना घेऊन फिरत होतो आणि दर अर्ध्या तासाने कुणीतरी त्यांना बघून येत होतो. अजून आठवलं की जीव तुटतो.

सासूबाई तर रोज पहाटे पाचला उठायच्या. तिसऱ्या दिवशी मी पाणी प्यायला उठले, तर स्वयंपाकघरातला एकच दिवा चालू. चार डबे झाकणं उघडी ठेवून ओळीने मांडलेले, पोळ्या निवायला पसरलेल्या, आणि त्या उभ्या उभ्याच चहा पीत होत्या. मी म्हटलं, आई, बसा तरी. तर म्हणाल्या, भाजी गार झाली की भरते नि बसते. परतताना गाडीत म्हणाल्या, "घर छान होतं हो." पार्काबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत.

आई, म्हणून तुला शेगडी असलेलं घर घेऊन द्यायचं नाही, असं मी तेव्हाच मनाशी धरलं. आपल्या प्रत्येक सहलीत तो पिवळा स्टोव्ह बरोबर असायचा. नरसोबाच्या वाडीला गेलो तरी तू काहीतरी परतत असायचीस, आणि आम्ही नदीवरून आलो की ताटं तयार. तुला करायला आवडतं, मला माहीत आहे. पण हे पाच दिवस तू नातवंडांबरोबर घोड्यांच्या चक्रावर बसायचंस, फोडणी घालायची नाहीस. एवढं माझं ऐक.

बाबा, आता तुमचा मुद्दा. खर्च. गणपतीपुळ्याची सहल आठवते का? मी पाचवीत होते आणि आजी बरोबर होती. गावात आत स्वस्तातली खोली मिळत होती, तुम्ही ती बघूनही आला होतात. आणि मग एमटीडीसीची घेतलीत, समुद्राजवळची, देवळाला चालत जाता येईल अशी. आईने विचारलं, एवढे पैसे? तुम्ही म्हणालात, "आईला वाटेल तेव्हा दर्शनाला जाता आलं पाहिजे आणि वाटेल तेव्हा येऊन पडता आलं पाहिजे." आजी त्या तीन दिवसांत रोज तीन-चार वेळा देवळात जाऊन आली, कुणालाही बरोबर न घेता. मला हॉटेल शोधताना तुमचं तेच वाक्य सारखं आठवत होतं.

तर आता काय काय बघितलं ते ऐका. मॅजिक किंगडमच्या अगदी शेजारचं एक हॉटेल आहे, कंटेम्पररी नावाचं, 1971 पासूनचं. त्याच्या पोटातून मोनोरेल जाते, खरोखर इमारतीच्या आतून, आणि स्टेशनही आतच. बाबांची सगळी नोकरी मिरज स्टेशनात गेली, त्यांना हे बघून काय वाटेल, म्हणून मी त्यावर अडून बसले होते. पण सहा जणांचं तिथलं भाडं आपल्याला झेपणारं नाही. मोनोरेलमध्ये बसायला मात्र पैसे पडत नाहीत आणि तिथं राहावंही लागत नाही. एक सकाळ बाबांना घेऊन त्यातून नुसतं फिरायचं, हे मी ठरवून ठेवलंय.

दुसरं अ‍ॅनिमल किंगडम लॉज. गॅलरीत उभं राहिलं की समोर माळावर जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात. पण ते पार एका टोकाला आहे आणि तिथून सगळीकडे बसनेच जायचं. बसची वाट बघत उभं राहणं बाबांच्या गुडघ्याला नको. तिथं सना नावाचं एक रेस्टॉरंट आहे, त्यात नान आणि त्याबरोबर खायला वेगवेगळ्या चटण्या मिळतात, खिडकीतून जनावरं दिसतात. एक दिवस उजेड असताना तिथं जेवायला जाऊ.

आपण घेतोय ते आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन. 2012 सालचं आहे. त्यात कुटुंबासाठी सहा जणांच्या मोठ्या खोल्या आहेत. झोपायची खोली वेगळी, तिला दार, ती तुमची. बाहेरच्या खोलीत सोफ्याचा पलंग होतो आणि जेवायचं टेबल भिंतीत आडवं केलं की त्याचाही पलंग होतो. ओवीने त्या टेबलावर आत्ताच हक्क सांगितलाय. शेजारच्या हॉटेलात दोन साध्या खोल्या घेतल्या असत्या तर कदाचित थोडे पैसे वाचले असते. पण मग रात्री तुम्हाला काही लागलं तर मधे भिंत. ते नको वाटलं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते म्हणजे दोन बाथरूम. इथल्या बहुतेक हॉटेलांत टबात उभं राहूनच आंघोळ करावी लागते. त्या टबाची कड गुडघ्याएवढी असते. पाय उचलून आत टाकायचा, ओल्या गुळगुळीत तळावर उभं राहायचं, आणि धरायला तो शॉवरचा पडदा. मागच्या वेळी आमच्याकडे आलात तेव्हा बाबा भिंतीला हात लावून कसे उतरायचे, ते मी दारातून बघितलंय. ह्या खोल्यांत एका बाथरूममध्ये टब आहे आणि दुसऱ्यात नुसता काचेच्या दाराचा शॉवर. तो तुमचा. टब मुलांना.

जायला-यायला तिथं स्कायलायनर आहे, 2019 साली सुरू झालेला. म्हणजे आपला रोप-वे. एका पाळण्यात दहा माणसं बसतात. एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज ह्या दोन पार्कांना तो जातो, मधे एकदा बदलायचा. आई, तू रायगडच्या रोप-वेत डोळे मिटून 'श्रीराम श्रीराम' करत बसली होतीस, ते मी विसरले नाही. पण हा तसा सरळ कड्यावर चढत नाही. झाडांवरून, तळ्यावरून हळू जातो. चालत्या पाळण्यात चढायला भीती वाटली तर व्हीलचेअरवाल्यांसाठी बाजूला पाळणा पूर्ण थांबवतात, तिथून बसता येतं. विजा चमकायला लागल्या की तो बंद ठेवतात. मग बस आहे, आपली गाडीही आहे. तिथं राहणाऱ्यांना पार्कातलं पार्किंगही फुकट.

त्यामुळे ह्या दोन पार्कांच्या दिवशी तरी दुपारी दीड-दोनला आपण खोलीवर येऊ शकतो. आईची गोळी, जेवण, तासभर झोप, आणि ऊन उतरलं की पुन्हा बाहेर. हॉटेलातल्या लोकांना सकाळी अर्धा तास आधी आत सोडतात, तेव्हा गर्दीही कमी आणि उन्हाचा तापही कमी. फ्लोरिडाचा दमटपणा ऑक्टोबरातसुद्धा कोकणासारखा असतो.

खोलीत शेगडी नाही, मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रीज आहे. चहा मायक्रोवेव्हमध्ये होतो, आलं घरूनच किसून नेऊ. पार्कात घरचं खाणं न्यायला मनाई नाही, फक्त काचेचं भांडं नको. तेव्हा आई, तुला करायचंच असेल तर निघायच्या आदल्या दिवशी आमच्या घरी दुधातल्या दशम्या कर, शेंगदाण्याची चटणी कर, आणि भडंग मात्र भरपूर कर. निखिल आणि मी दोघं मदतीला उभे राहू.

पैसे बाहेरच्या घरापेक्षा जवळजवळ दुप्पट पडतायत. लपवत नाही. आम्ही जानेवारीपासून बाजूला काढत आलोय, तेव्हा बाबा, पेन्शनमधले काही पाठवायचे नाहीत. वादळांचा मोसम नोव्हेंबरअखेरपर्यंत असतो, म्हणून आधी कळवलं तर रद्द करता येईल असंच बुकिंग करतेय.

आता बाबा, एकच विचारायचंय आणि खरं उत्तर हवंय. आई म्हणाली की गच्चीवर जाताना तुम्ही हल्ली एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून चढता. मला तुम्ही हे सांगितलं नाहीत. पार्कात दिवसाला सात-आठ किलोमीटर चालणं सहज होतं. दारातच व्हीलचेअर भाड्याने मिळते, आणि खोली घेताना बाथरूममध्ये धरायला दांडे असलेली मागता येते. पण तशा खोल्या थोड्या असतात आणि लवकर जातात. मी शुक्रवारी रात्री बुकिंग करणार आहे, म्हणजे तुमची शनिवार सकाळ. त्याआधी दादाच्या फोनवरून मला एवढंच कळवा: दांडे हवेत का, आणि चढायला किती पायऱ्या चालतील.

मुलांचा नमस्कार. ईशानने तुमच्यासाठी पार्काचा नकाशा काढलाय, तो सोबत पाठवतेय. त्यात जिराफ रेल्वे स्टेशनात उभा आहे.

तुमची,
मुक्ता