‘समर्थ साथ’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
स. न.

लेखकाच्या चरित्रात बाईसाठी एक परिच्छेद राखीव असतो. लग्न कोणत्या साली झाले, मुले किती, आणि ‘समर्थ साथ दिली’. ती काय वाचत होती, लेखन कागदावर उतरण्याआधी कोणाशी बोलले गेले, हस्तलिखित वाचून ती काय म्हणाली, हे विचारायची पद्धतच नाही.

हरिभाऊ आपट्यांचेच पाहा. त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः आली. तिची नायिका यमू, तिची कहाणी तिच्याच तोंडून वाचताना, एका पुरुषाला बाईचे मन इतके कसे उमगले, याचे आपण आजही नवल करतो. पण काशीबाई कानिटकर हरिभाऊंच्या निकटच्या वाङ्मयीन स्नेही होत्या. दोघांत पत्रव्यवहार होता, लेखनाची चर्चा होती. काशीबाई स्वतः कादंबरीकार, डॉ. आनंदीबाई जोशींच्या चरित्रकार. शाळेत न जाता शिकलेल्या या बाईच्या अनुभवातून, तिच्या बोलण्यातून यमूकडे काय गेले असेल? हरिभाऊंची प्रतिभा त्याने कणभरही उणी होत नाही. काशीबाईंचे आत्मचरित्र सरोजिनी वैद्य यांनी संपादून आपल्या हाती दिले आहे. हरिभाऊंवर लिहिणाऱ्याने ते सोबत ठेवायलाच हवे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या वाट्याला वेगळा अन्याय आला. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र सर्वांना ठाऊक आहे, पण बरेच जण ते त्यांचे पती, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या विक्षिप्त गोष्टींसाठी वाचतात. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे ख्रिस्तचरित्रावरचे महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते, ते लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिले. ही गोष्ट मराठीच्या वर्गात किती वेळा सांगितली जाते? एका महाकाव्याची सहकर्ती आपण ‘कवीची पत्नी’ म्हणून शिकवतो, याचे मला फार वाईट वाटते.

विद्यापीठात मराठीच्या मार्गदर्शकांनी एवढे करावे: लेखकावर प्रबंध लिहिणाऱ्याला त्याच्या घरच्या आणि स्नेहातल्या स्त्रियांची पत्रे, रोजनिशा, आठवणी तपासायला लावाव्यात. चरित्राच्या शेवटच्या नामसूचीत या बायका ‘सौ. अमुक’ अशा न येता स्वतःच्या नावाने याव्यात.

हे लवकर व्हायला हवे. सदाशिव, नारायण, शनिवार पेठांतले वाडे पुनर्विकासाला जात आहेत. माळ्यावरच्या ट्रंकेतला लेखकाचा कागद घरचे जपून ठेवतात, आजीची पत्रे मात्र रद्दीत जातात. महाराष्ट्र साहित्य परिषदेने अशा कुटुंबांना जाहीर आवाहन करावे आणि ती पत्रे मागून घ्यावीत.

– एक वाचक, पुणे