भेटींचा आकडा छापा, पण गाळणीही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचे दिवस सुरू झाले आहेत. वाचनालये, देवस्थाने, नाट्यमंडळे आणि पतसंस्था यांच्या अहवालांत अलीकडे जमाखर्चाच्या पानाशेजारी 'आमच्या वेबसाइटला वर्षभरात इतक्या भेटी' अशी एक ओळ हमखास छापलेली असते. जमाखर्चाचे लेखापरीक्षण होते, ताळेबंदाखाली सह्या असतात. या ओळीचा हिशेब मात्र कोणी विचारत नाही. तरीही तिच्या आधारावर निर्णय घेतले जातात, आणि असाच एक निर्णय मराठीच्या मुळावर येऊ पाहत असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

फोंडा तालुक्यातील एका संस्थेची वेबसाइट मराठी, कोंकणी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत आहे. मराठी विभाग कोणी पाहत नाही, त्यामुळे त्यावरील अनुवादाचा खर्च थांबवावा, असा ठराव कार्यकारिणीने सभेपुढे मांडला आणि सोबत वेबसाइटच्या भेटी मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्सचा रिपोर्ट जोडला. वेबसाइटांची देखरेख हाच माझा व्यवसाय असल्यामुळे सभासद या नात्याने मी तो रिपोर्ट मागून घेतला. त्या वेबसाइटवर कोणतेही पान मराठीत उघडले तरी त्याचा पत्ता तोच राहतो. फक्त शेवटी प्रश्नचिन्ह येते आणि त्यानंतर भाषा सांगणारा एक पॅरामीटर, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, जोडला जातो. सध्याच्या ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे जीए-४ मध्ये, पानांचा रिपोर्ट 'पेज पाथ'प्रमाणे काढला तर प्रश्नचिन्हानंतरचा भाग त्यात धरलाच जात नाही. त्यामुळे तिन्ही भाषांचे वाचक एकाच ओळीत जमा झाले होते. 'मराठी' अशा नावाची जी एक ओळ वेगळी दिसत होती, ती जुन्या वेबसाइटवरून राहून गेलेल्या एका स्वागतपानाची होती, आणि त्या पानाकडे नेणारी लिंक आता मुख्य पानावर नाही. त्या ओळीतला तुटपुंजा आकडा हीच मराठी वाचकांची संख्या, असे कार्यकारिणीने धरून चालले होते. ठराव तूर्त तहकूब झाला आहे.

त्याआधीच्या, आता बंद झालेल्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्समध्ये हा प्रकार नेमका उलट्या बाजूने घडत असे. तिथे प्रश्नचिन्हासह अख्खा पत्ता मोजला जाई आणि जे पॅरामीटर नको असतील त्यांची नावे 'व्ह्यू'च्या सेटिंगमध्ये एकेक करून लिहून द्यावी लागत. फेसबुकने २०१८ पासून आपल्या पानावरून बाहेर जाणाऱ्या लिंकांना एफबीसीएलआयडी नावाचे शेपूट लावायला सुरुवात केली. ते दर क्लिकला वेगळे असल्यामुळे एकच पान रिपोर्टात असंख्य ओळींवर विखुरले जाऊ लागले. १ जुलै २०२३ पासून त्या जुन्या प्रणालीत नवी माहिती घेणे थांबले. ज्यांनी त्या सुमारास नव्या प्रणालीत प्रवेश केला, त्यांच्या पानांच्या यादीत एकदम फरक पडला तो वाचक बदलले म्हणून नव्हे, मोजण्याची रीत बदलली म्हणून. दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी शेजारी छापून 'वाढ' किंवा 'घट' दाखवणारे अहवाल मी पाहिले आहेत, आणि त्या तुलनेला काडीचाही अर्थ नाही.

पॅरामीटर दोन जातींचे असतात, एवढे कार्यकारिणीच्या सदस्यांनी समजून घेतले तरी पुष्कळ काम होईल. यूटीएम (लिंक पाठवणारा स्वतः जोडतो ते शब्द), जीसीएलआयडी (गूगलच्या जाहिरातीचे शेपूट), एफबीसीएलआयडी ही नुसती खूण आहे. वाचक कुठून आला ते ती सांगते. भाषा, तारीख, पान क्रमांक, खोलीचा प्रकार यांचे पॅरामीटर मात्र पानावरचा मजकूरच बदलतात. ओळखण्याची सोपी रीत अशी की ब्राउझरच्या पट्टीतून तो तुकडा खोडावा आणि पान पुन्हा उघडावे. तेच पान आले तर ती खूण, वेगळे आले तर तो पत्त्याचाच भाग. खुणा पानांच्या रिपोर्टात दिसू नयेत, पण ॲनालिटिक्सने त्या वाचण्याआधीच पत्त्यातून खरवडून काढल्या तर जाहिरात किंवा व्हॉट्सॲपवरील निरोप कामी आला की नाही हे कळण्याचा मार्गच खुंटतो. उलट मजकूर बदलणारे पॅरामीटर सरसकट उडवले, तर सुक्याबरोबर ओलेही जळते. सरसकट ठेवूनही चालत नाही. कळंगुटपासून पाळोळेपर्यंत खोल्या भाड्याने देणाऱ्या वेबसाइटांवर येण्याची तारीख, जाण्याची तारीख आणि माणसांची संख्या या सगळ्यांचे मिळून रोज नवनवे पत्ते तयार होतात. अख्ख्या पत्त्यानुसार रिपोर्ट काढला आणि दिवसाला ५०० हून अधिक वेगवेगळे पत्ते जमले, तर ॲनालिटिक्स त्यातले बरेचसे 'अदर' नावाच्या एका ओळीत कोंबण्याची शक्यता असते. तिन्ही भाषांच्या वेबसाइटसाठी उत्तम मार्ग हा की भाषा स्वतंत्र माहिती म्हणून पाठवावी आणि 'कस्टम डायमेन्शन' (आपण स्वतः ठरवलेला रकाना) म्हणून तिची नोंद करावी; मग पत्त्याचे काय व्हायचे ते होवो.

आता आपल्याच माणसांविषयी. कार्यालयातील संगणकावर संस्थेची वेबसाइट दिवसभर उघडी असते, बातमी चढवणारा कर्मचारी तीच पाने पुन्हा पुन्हा तपासतो, आणि छोट्या संस्थेच्या एकूण भेटींत या भेटींचा वाटा मोठा असू शकतो. जीए-४ मध्ये कार्यालयाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, 'इंटर्नल ट्रॅफिक' म्हणून नोंदवता येतो. मात्र हे पहिले पाऊल टाकले की काम झाले असे बहुतेकांना वाटते आणि इथेच चुकते. त्यासाठीचा फिल्टर, म्हणजे गाळणी, मुळात 'टेस्टिंग' या अवस्थेत असतो. तो 'ॲक्टिव्ह' केल्याशिवाय एकही भेट वगळली जात नाही. एकदा तो चालू केला की पुढची वगळलेली माहिती कायमची जाते, परत मिळत नाही, आणि मागे साठलेली माहिती त्याने स्वच्छ होत नाही. म्हणून आधी चाचणीत नेमके काय पकडले जाते ते पाहावे आणि एक दुसरी, फिल्टर नसलेली प्रॉपर्टी (ॲनालिटिक्समधली स्वतंत्र नोंदवही) समांतर चालू ठेवावी. घरगुती ब्रॉडबँडचा आयपी पत्ता बदलत राहतो आणि मोबाइल नेटवर्कवर एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक असतात, हेही ध्यानात ठेवलेले बरे. नाहीतर आपला कारकून मोजला जाईल आणि शेजारच्या वाड्यावरचा वाचक गळेल.

असे फिल्टर नीट लावल्यावर मराठीचा आकडा खालीही येऊ शकतो. आला तर आला. तो खरा असेल.

बॉटांची, म्हणजे वेबसाइटांवर आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रामांची, फारशी चिंता नको. ओळखीचे बॉट जीए-४ आपणहून वगळते. राहिलेल्यांपैकी पुष्कळ एखाद्या दूरच्या शहरातून येणाऱ्या, क्षणभरही न थांबणाऱ्या भेटींच्या गर्दीवरून नजरेत भरतात. यूटीएमचे शब्द लिहिताना शिस्त हवी, कारण ॲनालिटिक्सला मोठी आणि छोटी इंग्रजी अक्षरे वेगळी वाटतात. नाटकाच्या प्रयोगाची एकच लिंक तिघांनी तीन प्रकारे लिहून पाठवली की रिपोर्टात तीन स्रोत उभे राहतात. वेबसाइटच्या आतल्या लिंकांना तर यूटीएम कधीच लावू नये.

देवस्थानांच्या महाजनांनी एका गोष्टीकडे तातडीने पाहावे. अभिषेक किंवा पालखीच्या नोंदणीचा अर्ज भरल्यावर भाविकाचे नाव, गोत्र, फोन क्रमांक आणि ईमेल थेट पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर उमटत असेल, तर ती सगळी माहिती ॲनालिटिक्सकडे जाते. गूगलच्या नियमांत हे बसत नाही आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या दृष्टीनेही ते अंगलट येऊ शकते. जीए-४ च्या 'डेटा रिडॅक्शन' सेटिंगमध्ये ईमेल आणि ठरावीक पॅरामीटरांतील मजकूर पाठवण्याआधी झाकता येतो. पॅरामीटरांची ३० नावे त्यात लिहिता येतात. खरा इलाज मात्र अर्जाची माहिती पत्त्यातून न पाठवणे हाच आहे, आणि तो वेबसाइट बनवणाऱ्यानेच करायचा आहे.

माझी विनंती मोजकी आहे. ज्या संस्था आणि सरकारी खाती भेटींचा आकडा प्रसिद्ध करतात, त्यांनी त्याखाली बारीक टाइपात का होईना, कोणते आयपी पत्ते वगळले (पत्ते नकोत, 'कार्यालयातील संगणक' एवढे पुरे), कोणते पॅरामीटर धरले आणि कोणते सोडले, आणि फिल्टर कोणत्या तारखेपासून चालू आहे, एवढे छापावे. भाषेचा एखादा विभाग बंद करण्याचा ठराव असेल, तर भाषावार आकडे कसे वेगळे काढले तेही सांगावे. गोव्यात राजभाषा कायद्याने मराठीच्या वापराला दिलेल्या जागेवर आपण हिरिरीने बोलतो. तोच विभाग एका सेटिंगपायी गुपचूप बंद होऊ नये. सभासदांनी हा तपशील सभेपूर्वी लेखी मागावा. तो काढून द्यायला देखरेख करणाऱ्याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागण्याचे कारण नाही.

आपला,
एक वाचक
फोंडा, गोवा