दोन मामांच्या मधे बसलेल्या भाच्याला

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र उघडं लिहितोय, कारण जे बोलायचं ते चारचौघांत बोलायला हवं.

बाबांच्या वर्षश्राद्धाला पाहुणे जेवून गेले आणि पडवीत आपण तिघंच उरलो. दादा झोपाळ्यावर, मी पायरीवर. वर्षभर आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. तू लॅपटॉप पाटावर ठेवलास आणि म्हणालास, "मामा, एक सिनेमा बघूया." मला वाटलं, पोराला कंटाळा आलाय.

'इनुयाशा' या जपानी कार्टून-मालिकेचा तो तिसरा सिनेमा, २००३ सालचा. बाप गेलेला, दोन भाऊ एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि बापाच्या तीन तलवारी. धाकट्याला मिळाली ती एका वारात शंभर जणांना कापणारी. थोरल्या सेश्शोमारूला मिळाली ती कापतच नाही, मेलेल्याला उठवते. तिसरी सोऊंगा, नरकातली. ती हातात धरणाऱ्यालाच ताब्यात घेते. धाकट्याच्या हाताला ती चिकटते आणि सुटता सुटत नाही, तेव्हा माझा घसा कोरडा पडला.

कारण आपल्या माळ्यावरही एक होती. बाबांची ठासणीची बंदूक, डुकरं-माकडं हाकलायची. शेती संरक्षणाचा परवाना बाबांच्या नावाचा, तो त्यांच्याबरोबर गेला, बंदूक राहिली. गेल्या पावसाळ्यात बांधावरून शब्दाला शब्द वाढला आणि दादाने माळ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. त्या रात्री मी झोपलो नाही.

वाडीतली मोठी माणसं वर्षभर येत होती, चहा पीत होती, इकडचं तिकडे सांगत होती. "बंदूक कुणाच्या वाट्याची?" हे सगळ्यांनी विचारलं. ती घरात कशाला हवी, हे एकालाही सुचलं नाही. त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि तो लपवणारही नाही.

तू काय केलंस? खालच्या इंग्रजी ओळी दादाला वाचता येत नाहीत, हे तुला ठाऊक होतं. तू उठून आमच्या दोघांच्या मधे येऊन बसलास आणि प्रत्येक ओळ हलक्या आवाजात मराठीत सांगत गेलास. दादाला एकदाही "काय म्हणाला रे?" असं विचारावं लागलं नाही. त्याचा मान तू असा राखलास. आभार मानायचे ते याचेच.

सुरुवातीला जखमी बाप बर्फाळ किनाऱ्यावर उभा राहून थोरल्याला विचारतो ना, ते तू सांगितलंस: "तुझ्याकडे जपण्यासारखं कुणी आहे का?" सेश्शोमारू म्हणतो, मला त्याची गरज नाही. दादाने पायाने झोपाळा थांबवला. पुढे तलवारींची वाटणी कळल्यावर तो पहिल्यांदा बोलला, "बघ, तिथेही थोरल्याला न कापणारीच." बाबांनी त्याला कातळाचा तुकडा दिला आणि मला कलमांची बाग. इतकी वर्षं त्याला हे टोचत होतं आणि मी ते त्याच्या तोंडून कधी ऐकूनच घेतलं नव्हतं.

सोऊंगा एकट्याला आवरत नाही, दोघांचा वार एकत्र पडावा लागतो. तरी शेवटी ते भाऊ गळ्यात गळे घालत नाहीत, थोरला आपल्या वाटेने जातो. ते मला फार खरं वाटलं. आम्हीही गळ्यात पडलो नाही. सकाळी दादाने शिडी धरली, मी माळ्यावर चढलो, आणि दोघं मिळून पोलीस ठाण्यात बंदूक जमा करून आलो. निवडणूक आली की बाबा ती तिथे ठेवायचे आणि नंतर परत आणायचे. आता आणायला कुणी जाणार नाही.

चांगुलपणा असाच असतो बघ, हलक्या आवाजातला. वाडीत मोठ्या आवाजाची माणसं खूप आहेत.

दादा काल गडग्यापाशी आला होता. चौथा सिनेमा आहे म्हणालास ना, तो गणपतीला घेऊन ये, असा त्याचा निरोप आहे.

तुझा,
धाकटा मामा