देणगीदारांची अक्षरे एकाच मापाची असावीत

आमच्या तालुक्यातील लोकवर्गणीच्या क्रीडा व करमणूक केंद्रात देणगीदारांची नावे भिंतीवर रकमेनुसार सुवर्ण, रौप्य व कांस्य अशा पट्ट्यांत कोरून ठरावीक रकमेखालील नावे वगळण्याचा निर्णय झाल्याचे वृत्त वाचले. भिंतीला विरोध नाही. आक्षेप आहे तो या प्रतवारीला.

चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापलेल्या मठाचा शके ११२८ चा शिलालेख आहे. तेथील निकुंभवंशीय राजा सोइदेव याच्या दानाबरोबरच बाजारातील व्यवहारांतून मठाला मिळणाऱ्या बारीकसारीक हिश्श्यांची, अगदी घाण्यामागे पळीभर तेलाचीही, नोंद त्यातील मराठी ओळींत आहे. हा ऐच्छिक दानाचा नव्हे, लावून दिलेल्या हक्काचा भाग होता हे खरे. पण राजाच्या दानाच्याच दगडावर त्या तेलाला जागा मिळाली.

मोठ्या देणगीदारांच्या रकमा लेखापरीक्षण अहवालात येतीलच. भिंतीवर मात्र सर्व नावे वर्णानुक्रमे व एकाच आकारात असावीत, त्यांत श्रमदान करणाऱ्यांचाही समावेश व्हावा आणि पुढील वर्गणीदारांसाठी शेवटी मोकळी जागा राखावी, अशी व्यवस्थापन समितीला विनंती आहे.

– एक वर्गणीदार, चाळीसगाव