मंत्री साहेब, आमचा सभामंडप राहू द्या

मंत्री साहेब, जय ख्रिस्त आणि रामराम.

नाताळला तुम्ही आमच्या चर्चमधे आलात, केक कापला, पाळक साहेबांनी शाल श्रीफळ दिलं, फोटो झाले. मी मागच्या बाकावर होतो म्हणून कुठल्याच फोटोत नाही. जाता जाता तुम्ही माईकवर बोललात की ख्रिस्ती बांधवांनी आम्हाला कायम साथ दिली, यंदा निधीतनं चर्चसमोर सभामंडप देतो. टाळ्या लई वाजल्या, खोटं कशाला बोलू, मी पण वाजवल्या. घरी जेवायला बसलो तर बायको म्हणली, मंडपात काय बाळंतपणं करायची का आता?

ती असं का म्हणली ते सांगतो. चर्चपासून दोनशे पावलांवर आरोग्य उपकेंद्र आहे. बिल्डिंग चांगली आहे, भिंतीवर लसीकरणाचं वेळापत्रक रंगवलेलं. पण दाराला कुलूप, आणि ते इतकं गंजलंय की उद्या चावी सापडली तरी फिरायची नाही. पायरीवर शेळ्या बसतात. सिस्टरची बदली होऊन दोन पावसाळे गेले, दुसरी आलीच नाही. सपाटीला 5000 आणि डोंगरी भागात 3000 लोकांमागं एक उपकेंद्र हा सरकारचाच हिशोब, तो कागदावर आमच्याकडं पुरा भरतो.

मागच्या ऊसतोडीच्या हंगामात माझ्या भावजयीला फडावरनं घरी आणलं होतं, नववा महिना, रात्री दीडला कळा सुरू झाल्या, उपकेंद्र बंद, मग शेजाऱ्याच्या पिकअपमधे मागं गादी टाकली आणि जामखेडच्या रस्त्याला लागलो तर पोरगी घाटातच झाली, मोबाईलच्या उजेडात. दोघी बऱ्या आहेत, देवाची कृपा. पिकअपवाला आमच्या मंडळीतला नाही, माळकरी माणूस आहे, डिझेलचे पैसे घेतले नाहीत आणि ती गादी पण त्याच्याच घरची होती.

जामखेडचं नाव निघालंच आहे तर बोलतो. 1970 ला डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे तिथं येऊन बसले, वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत जाऊन आलेले, मोठ्या शहरात दवाखाना टाकला असता तर कुणी नावं ठेवली नसती. ख्रिस्ती होते आणि ते कधी लपवलं नाही, पण बाप्तिस्मा झालाय का विचारून कुणाला गोळी दिली नाही. त्यांनी गावातल्याच बायका उभ्या केल्या, त्यातल्या कितीतरी दलित, कितीतरींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, आणि त्यांना बाळंतपण, जुलाब, पोरांचं वजन सगळं शिकवलं. हातपंप दलित वस्तीत घ्यायचे म्हणजे पाण्याला सगळ्या गावाला तिकडं यावं लागेल, असं पण जुने लोक सांगतात. 1979 ला दोघांना मॅगसेसे मिळालं. त्यांच्या हातात कुठलं खातं नव्हतं साहेब, तुमच्या हातात आहे.

आता तुम्ही म्हणाल मागणं तर तुमच्याच समाजाचं असेल काहीतरी. आहे की. अनुसूचित जातीच्या 1950 च्या आदेशात 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले, दलित ख्रिस्ती अजून बाहेरच. चर्चला गेलो म्हणून गावानं आमची जात काही विसरली नाही, सरकार तेवढं विसरलं. पण ते दिल्लीचं काम आहे, त्याचं वेगळं पत्र लिहीन. हे पत्र कुलपाचं आहे.

आम्ही दर रविवारी उपासनेत राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करतो, त्यात तुम्ही पण येता, तुम्हाला मत दिलेलं असो नसो. पौलानं तीमथ्याला राजांसाठी प्रार्थना करा असं लिहिलं तेव्हा राज्य रोमच्या कैसराचं होतं, तो कुठं ख्रिस्ती होता. म्हणून त्या प्रार्थनेला साथ समजू नका, आणि साथीचं बक्षीस म्हणून मंडप तर अजिबात नको. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडं जकातदार आले, आम्ही काय करावं विचारलं, तर त्यानं नोकरी सोडा म्हणलं नाही, ठरलंय त्याच्यावर घेऊ नका एवढंच सांगितलं. टँकरच्या खेपा कागदावर सहा आणि गावात चार, हे बघताना मला हटकून तो योहान आठवतो.

आणि बायबलचं कशाला, पैठण आपलंच आहे. नाथांनी रामेश्वराला न्यायची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. आमचा मंडप म्हणजे ती कावड समजा आणि वळवा इकडं. निधी या खात्यातनं त्या खात्यात जात नाही म्हणून सांगतील तुमचे पीए, मला पण माहितीय, पण सिस्टरच्या ऑर्डरला निधी लागत नाही, सही लागते.

चर्चच्या कमिटीला हे पत्र आवडणार नाही, पेव्हर ब्लॉकचा रंगसुद्धा ठरलाय त्यांचा. त्यांचं मी बघून घेतो. तुम्ही ऑर्डर काढली की कळवा, नाही कळवलं तरी चालेल, चर्चची वाट त्या पायरीवरनंच जाते, रविवारी दिसेलच.