गणपतीला येताय, तर तेवढे वायफाय कॉलिंग चालू करून जा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नवा मोबाइल घेताना काय काय बघावे यावर पानभर मजकूर आला होता. कॅमेरा किती, रॅम किती, फाइव्ह-जी आहे का, सगळे होते. चष्मा लावून सबंध पान वाचले. पण आमच्या वाडीतला माणूस दुकानात गेल्यावर जे पहिले विचारतो ते त्यात कुठेच सापडले नाही. तो विचारतो, "ह्याच्यावर वायफायवरून फोन लागतो काय?" म्हणून हे पत्र.

मी दापोली तालुक्यातला. 1985 साली पोस्ट आणि तार खात्याची वाटणी होऊन दूरसंचार वेगळे झाले, त्याच वर्षी मी रोजंदारीवर खड्डे खणायला लागलो. पुढे लाइनमन झालो, 2000 साली खात्याचे बीएसएनएल झाले, आणि 31 जानेवारी 2020 ला सुमारे 78 हजार सहकाऱ्यांबरोबर स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी घरी आलो. उभे आयुष्य खांबावर चढण्यात आणि उतरण्यात गेले. त्यामुळे 'वायरलेस' शब्द ऐकला की मला अजून जरा हसू येते. वायर कुठेतरी असतेच. फक्त ती तुमच्या दारापर्यंत येते की डोंगरापलीकडच्या टॉवरपाशीच थांबते, एवढाच प्रश्न असतो.

आमची वाडी खोलगटात. वर सडा, म्हणजे कातळाचे उघडे पठार, दोन्ही अंगांना डोंगर, मधून वहाळ. टॉवर आहे तो सड्यापलीकडे. सड्यावर गुरे चारायला गेलात तर फोनवर चार काड्या दिसतात, घरी उतरलात की एकही नाही. पाखाडीच्या वळणावर फणसाखाली जांभ्याचा एक दगड आहे, तिथे दोन काड्या येतात. त्याला आम्ही 'रेंजचा दगड' म्हणतो. बसून बसून तो गुळगुळीत झालाय आणि त्याच्या कडेला चुन्याची बोटे पुसलेली आहेत. त्यावर पूर्वेला तोंड करून बसलात तर फोन उजव्या कानाला तुटतो आणि डाव्याला लागतो. ही थट्टा नव्हे. टॉवरची बाजू डावी, आणि मधे आपलेच डोके आडवे येते.

माझी त्या दगडावरची सगळ्यात मोठी फजिती हयातीच्या दाखल्याची. पेन्शनरांना हा दाखला दर नोव्हेंबरात द्यावा लागतो. 2021 पासून तो चेहरा दाखवून मोबाइलवरून देता येतो, म्हणजे दापोलीची फेरी वाचते. त्या सुमारास केबलवाल्याने आमच्याकडे फायबर आणली होती, घरात वायफायचा डबा लागला होता. पुतण्याच्या फोनवर सगळे मांडून बसलो. अडले ते ओटीपीपाशी. ओटीपी येणार माझ्या नंबरावर, आणि माझ्या नंबराला घरात रेंज नाही. मग आमची ही माझा फोन घेऊन दगडावर गेली, मी पडवीत बसलो, आणि मधल्या गडग्यावर शेजारची वहिनी उभी राहिली. ही वरून ओरडायची, "पाच!" वहिनी खाली सांगायची, "सात म्हणतेय!" दोनदा ओटीपीची मुदत संपली. तिसऱ्या वेळी जमले. तोवर मी हयात असल्याची सगळ्या वाडीची खातरी पटली होती, आणि माझा ओटीपीही सगळ्यांना पाठ झाला होता.

पुढे शिमग्याला डोंबिवलीहून दुसरा पुतण्या आला. त्याला ही कथा हौसेने सांगितली, तर तो हसलाच नाही. माझा फोन घेतला, सेटिंगमध्ये सिमच्या पानावर गेला, 'वायफाय कॉलिंग' असे लिहिलेले एक बटण सरकवले आणि म्हणाला, "काका, आता दगडावर जाऊ नका." पाच मिनिटांनी माजघरात फोन वाजला. आमची ही दचकली. आमच्या माजघरात मोबाइल तोवर कधी वाजलाच नव्हता. तिथे तो घड्याळासारखा आणि विजेरीसारखा वापरायचा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, लाइनमनच्या भाषेत सांगतो. तुमचा आवाज टॉवरकडे न जाता फोनमधून वायफायने घरातल्या डब्यात जातो, डब्यातून फायबरने कंपनीच्या एक्स्चेंजला पोचतो आणि तिथून पुढे नेहमीसारखा. नंबर तोच, समोरच्याकडे काहीच असावे लागत नाही, वेगळे अॅप नको, वेगळे पैसे नाहीत. माझ्याकडे एसएमएसही ह्याच वाटेने येतो, म्हणजे ओटीपीसुद्धा. ही सोय आपल्या देशातल्या दोन मोठ्या कंपन्यांनी डिसेंबर 2019 आणि जानेवारी 2020 मध्ये आणली. म्हणजे मी नोकरी सोडली त्याच दिवसांत. खात्यात हाडे झिजवलेल्या माणसाला तिचा पत्ता लागायला पुतण्या शिमग्याला यावा लागला, तर बाकीच्यांचे काय बोलायचे!

एक मेख मात्र आहे. अर्धी काडी रेंज येत असेल तर काही फोन त्या अर्ध्या काडीलाच धरून बसतात, वायफायवर येतच नाहीत. आवाज तुटतो, आणि रेंज शोधता शोधता बॅटरीही संध्याकाळपर्यंत बसते. त्यावर आमचा इलाज असा: फोन विमानाच्या खुणेवर टाकायचा, म्हणजे टॉवरशी बोलणे बंद, आणि मग वायफाय तेवढे पुन्हा चालू करायचे. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना आता विमानाचे चित्र बरोब्बर ओळखता येते. विमानात कोणी बसलेले नाही.

दुसरी गोष्ट डब्याची. केबलवाल्याचा पोरगा येतो, जोडणी करतो, त्या डब्याच्या दोन नावांपैकी पुढे 'फाइव्ह-जी' लिहिलेल्या नावाला फोन जोडून देतो आणि वेग दाखवून खूश करून जातो. लोकांना वाटते हे टॉवरचे फाइव्ह-जी. ते नव्हे. ती 5 गिगाहर्ट्झची लहर, दुसरी 2.4 ची. 5 वाली जोरात धावते पण भिंतीला लवकर हार जाते, आणि आमच्या भिंती जांभ्याच्या, हातभर जाड. डबा ओटीवर असेल तर स्वयंपाकघरात ती पोचतच नाही. 2.4 वाली हळू चालते, पण दोन भिंती ओलांडून चुलीपर्यंत जाते. बोलायला वेग लागतोच कुठे? मी निम्म्या वाडीचे फोन 2.4 वर लावून दिले. बदल्यात चहा, आणि एका घरी कोकमाची बाटली.

ह्या लहरींना लायसन लागत नाही, ही मला त्यातली सगळ्यात नवलाची गोष्ट वाटते. मी लहान असताना घरातल्या रेडिओचेही लायसन पोस्टात काढावे लागे, दर वर्षी पैसे भरून. 2005 मध्ये सरकारने 2.4 चा पट्टा सगळ्यांना मोकळा केला, 2018 मध्ये 5 चा. म्हणून कोणीही उठून घरात डबा लावू शकतो. टॉवर उभा करायचा तर कंपनीला हिशेब घालावा लागतो, आणि आमच्या साठ उंबऱ्यांचा हिशेब कुणालाच बसत नाही. त्याबद्दल कंपन्यांवर रागावून उपयोग नाही. पण फायबर आली आहे आणि फोनमध्ये वायफाय आहे, मग टॉवरची वाट बघत कशाला बसायचे?

वाडीला बिनतारी नवे नाही, हेही सांगायला हवे. 1990 नंतर आमच्याकडे पहिला सार्वजनिक फोन आला तोच मुळी रेडिओवरचा. 'मार' म्हणायचो आम्ही त्याला. खांबावर अँटेना, खाली बॅटरी, वर सौर पत्रा. आषाढात आठ-आठ दिवस ऊन नाही की बॅटरी बसायची आणि फोन मुका. मीच भिजत जाऊन बॅटरी बदलायचो.

आणि 2020 च्या लॉकडाउनमध्ये पोरांनी जे केले ते तर मी खात्यात असतो तर साहेबांना दाखवले असते. शाळा मोबाइलवर, मोबाइलला रेंज नाही. आमच्या आळीतल्या एका दहावीच्या मुलाने आंबे उतरवायचा लांब काठीचा झेला घेतला, त्याच्या जाळीत हॉटस्पॉट चालू केलेला फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला, आणि झेला कलमाच्या शेंड्याला टेकवून बुंध्याला काथ्याने बांधला. वर फोनला दोन काड्या मिळायच्या, तो त्या वायफायने खाली द्यायचा, आणि बुंध्याशी घोंगडीवर चार मुले आपापल्या फोनवर तास ऐकत बसायची. टॉवरची लहर लांबून येते म्हणून तिला उंची हवी, वायफायची दहा-पंधरा मीटरचीच म्हणून ती शेंड्यावरून बुंध्यापर्यंत पुरते. पुस्तकात न शिकवता ते पोर एवढे समजले होते. एकदा पिशवी फाटून फोन शेणात पडला, पण फुटला नाही.

त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग वादळ झाले. श्रीवर्धनकडे ते किनाऱ्याला लागले, पण आमच्या दापोली-मंडणगडलाही त्याने सोडले नाही. माड, पोफळी, कौले, विजेचे खांब, सगळे आडवे. दगडावरही रेंज राहिली नाही. मुंबईची माणसे तिकडे रडत होती, आम्ही इकडे कौले गोळा करत होतो, आणि कोणाला कोणाचा पत्ता नाही. पंचनाम्यासाठी फोटो हवे होते. तेव्हा पोरांनी घरोघरचे फोटो फोनमधून फोनमध्ये, नेटशिवाय, नुसते वायफाय आणि ब्लूटूथवर एकाच्या फोनमध्ये जमवले, आणि तो मोटारसायकल घेऊन रेंज मिळेल तिथवर गेला आणि तिथून ते सगळे पाठवले. जनरेटरवर फोन चार्ज करायला माणशी अर्धा तास. म्हणून मी म्हणतो, फोनमधले हे जवळचे बिनतारी जे आहे त्याला कमी समजू नका. आजही ई-पीक पाहणीचे, म्हणजे सरकारी पीकनोंदीचे, फोटो शेतात रेंजशिवाय काढायचे आणि घरी येऊन वायफायवरून चढवायचे, असेच आमचे चालते.

आता गाऱ्हाणे. भारतनेटची योजना मूळ 2011 ची, अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबर देण्याची. आमच्याकडेही ग्रामपंचायतीत डबा आला. संध्याकाळी कार्यालय बंद करताना मेन स्विच खाली पाडतात, विजेचे बिल वाढते म्हणून. म्हणजे लोक शेतावरून, कामावरून घरी येतात त्या वेळी गावचा डबा झोपलेला. दिवसा खिडकीखालच्या कट्ट्यावर पाच-सहा जण बसलेले असतात, पासवर्ड भिंतीवर खडूने लिहिला आहे, एक ते आठ आकडे ओळीने. (तो बदला असे मी दोनदा सांगितले. बदलला. आता आठ ते एक आहे.) तो डबा किती वीज खातो ते मी मोजून बघितले. दहा-बारा वॅट, दिवाळीत गणपतीच्या देवळावर लावतो त्या माळांपेक्षाही कमी. त्याला छोटी बॅटरी जोडा आणि रात्री चालू ठेवा, एवढेच म्हणणे. वादळाच्या पहिल्या रात्री, फायबर तुटली नसेल तर, गावात तोच एक फोन असेल.

आणि डिसेंबर 2020 मध्ये सरकारने पीएम-वाणी मंजूर केली, पूर्वीच्या पीसीओसारखी: किराणा दुकानदाराने वायफाय लावायचे, लायसन नको, फी नको, गिऱ्हाइकाने पाच-दहा रुपयांत नेट घ्यायचे. पिवळ्या अक्षरांचे एसटीडी बूथ मी स्वतः जोडून दिलेत, त्यावर लोकांनी घरे चालवलेली पाहिलीत. आमच्या तिठ्यावर तसा एखादा वायफायवाला मला अजून दिसलेला नाही. कुणाला सुरू करायचे असेल तर डबा भिंतीवर ठोकायला शिडी घेऊन मी येतो, मजुरी नको.

राहिले चाकरमान्यांचे. गणपती तोंडावर आलेत. तुम्ही चार-पाच दिवस येणार, आरत्या म्हणणार, मोदक खाणार आणि परत जाताना आईच्या हातात नवा फोन ठेवणार. द्या, आनंद आहे. पण गाडीत बसण्याआधी तिच्या सेटिंगमध्ये जा, सिमच्या पानावर वायफाय कॉलिंग चालू करा, फोन 2.4 वर लावा, आणि विमानाच्या खुणेवर टाकून एकदा स्वतः फोन लावून बघा. लागला तरच निघा. जुन्या फोनमध्ये ते बटण नसेल तर आईला कॅमेऱ्याचा फोन देण्यापेक्षा बटण असलेला द्या.

आपला,
एक निवृत्त लाइनमन
ता. दापोली, जि. रत्नागिरी

ता. क. रेंजचा दगड ओस पडला असेल असे तुम्हाला वाटेल. नाही पडला. आमच्या आळीतल्या एका मुलाचे लग्न ठरले आहे. घरात वायफाय उत्तम आहे, पण माजघरात बोललेले पडवीत ऐकू येते. तो रोज रात्री जेवण झाले की दगडावर जातो आणि फोन डाव्या कानाला लावतो.