ग्रॅनाडाला अर्धा दिवस पुरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत स्पेनच्या सहलीवरचा लेख वाचला, माहिती चांगली होती, पण ग्रॅनाडासाठी त्यात फक्त अर्धा दिवस सांगितलाय आणि ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. गेल्या मे महिन्यात मी आणि माझा एक मित्र पाठीवर सॅक घेऊन तिथे चार दिवस होतो, अल्बायसिन या जुन्या मूर, म्हणजे तिथल्या मुस्लिम लोकांच्या, वस्तीतल्या होस्टेलमध्ये राहिलो आणि चार दिवसही कमीच पडले.

आमचं घर सांगोल्याचं, डाळिंबवाल्यांचं. ग्रॅनाडाचा स्पॅनिशमध्ये अर्थच डाळिंब, गावात जागोजागी डाळिंबाचं चिन्ह दिसतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी ओळखीच्या गावात आल्यासारखं वाटलं. आणि दुष्काळी तालुक्यातला माणूस कुठेही गेला तरी आधी पाणी कुठून येतं ते बघतो, तसंच माझंही झालं.

अल्हम्ब्रा हा सुलतानांचा किल्ला आणि महाल बघायला सगळे जातात, जायलाच पाहिजे, सिंहांच्या चौकातले १२ दगडी सिंह आणि १२४ खांब बघून बोलणं बंद होतं. पण तो किल्ला डोंगरावर आहे, मग एवढी कारंजी आणि हौद चालतात कशावर? तर १३व्या शतकात पहिल्या मुहम्मद सुलतानाने दार्रो नदीचं पाणी जवळजवळ ६ किलोमीटर वरून पाट काढून आणलं, नदी वरच्या अंगाला अडवली आणि उतार असा राखला की पाणी आपोआप किल्ल्यापर्यंत येतं, पंप नाही काही नाही. शेजारच्या हेनेरालिफे बागेत एक जिना आहे, त्याच्या कठड्यातूनच पाणी वाहतं, चढताना हात त्या गार पाण्यात ठेवायचा, मी तीन वेळा चढलो उतरलो.

खाली अल्बायसिनच्या बोळांत फिरताना विटांच्या कमानीची छोटी दारं दिसतात, ते अल्हिबे म्हणजे जमिनीखालचे पाण्याचे हौद. मशिदीजवळ एक हौद असायचा, पुढे मशिदींची चर्च झाली पण हौद तिथेच राहिले. डोंगरातून येणाऱ्या पाटाला आसेकिया म्हणतात, शब्द अरबीतून आलेला, आणि सिएरा नेवाडा या डोंगररांगेच्या उतारावरच्या गावांत अजून त्या पाटाचं पाणी शेतकरी पाळीने घेतात, अगदी आपल्यासारखं. बर्फ वितळलं की काही पाटांतलं पाणी मुद्दाम डोंगरात मुरवतात, म्हणजे उन्हाळ्यात खालचे झरे चालू राहतात. मधल्या काळात बरेच पाट बुजले होते, आता ग्रॅनाडा विद्यापीठातले लोक, गावकरी आणि स्वयंसेवक मिळून ते पुन्हा मोकळे करतायत, आपण ज्याला श्रमदान म्हणतो तेच की हे! हे ऐकून मला आपल्या बुजत चाललेल्या बारवा आठवल्या आणि खरंच वाईट वाटलं.

२ जानेवारी १४९२ ला शेवटच्या सुलतानाने हे शहर फर्डिनांड आणि इसाबेला या ख्रिस्ती राजा-राणीच्या ताब्यात दिलं. मुसलमानांना धर्म पाळू देऊ असं तहात लिहून दिलेलं, ते काही वर्षांतच मोडलं, आणि ज्यूंना तर १४९२ मध्येच देशाबाहेर काढलं. तिथल्या सान निकोलास चौकातून संध्याकाळी अल्हम्ब्रा लालसर होताना बघायला गर्दी जमते, त्या चौकाला लागूनच २००३ साली नवी मशीद उघडली, पाचशे वर्षांनी. मी तिथे बराच वेळ बसून होतो.

जाणाऱ्या मुलांसाठी थोडं. अल्हम्ब्राचं तिकीट खूप आधी काढा, त्यावर पासपोर्टवरचंच नाव हवं आणि आतल्या नासरी (सुलतानांच्या घराण्याचं नाव) महालांची वेळ चुकली की आत सोडत नाहीत. मोठी सॅक होस्टेलवरच ठेवा. शाकाहारी लोकांनी वांग्याचे तळलेले काप मागावेत, वर उसाची काकवी घालून देतात, घरची आठवण येते.

पुरवणीत पुन्हा कधी ग्रॅनाडावर लिहिलं तर कृपया निदान तीन दिवस लिहा आणि त्यात या पाटांना जागा द्या.

आपला,
एक वाचक, सांगोला